फ्रिजचा हुंकार

"टेलिव्हिजन हा मानवजातीवर कोसळलेला सर्वांत मोठा अनर्थ आहे! महापूर ओसरतात, साथी सरतात, पण हा खोका एकदा घरात शिरला की माणसाला माणसातून उठवल्याशिवाय राहत नाही," असं गंगाधर सरांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटून जाहीर केलं आणि रिमोट उचलून आवाज वाढवला. टीव्हीवर एक तज्ज्ञ नेमकं हेच सांगत होते आणि सरांच्या बोलण्यामुळे ते सरांना ऐकू येत नव्हतं.

सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते. शाळा सुटली, पण चिडायची सवय काही सुटली नाही. पूर्वी चिडायला पोरं होती, शिपाई होता, शिक्षण खात्याची परिपत्रकं होती. आता संध्याकाळची चर्चा तेवढी उरली होती. पडद्यावरच्या चौकोनांतून सगळी माणसं एकदम बोलायला लागली की सरांना आपली नववी 'ड' आठवे. "तो चष्मेवाला, खाली बस," ते म्हणत. "बाई, तुमची पाळी आल्यावर बोला." बाई ऐकत नसत. मग जाहिराती लागत, आणि सर जाहिरातींवर चिडत. चर्चा, जाहिराती, पुन्हा चर्चा असं करता करता जेवणाची वेळ होई. जेवणही अलीकडे त्याच खुर्चीत होऊ लागलं होतं.

याला कोणी टीव्ही बघणं म्हटलेलं सरांना खपत नसे. येत्या रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात 'टीव्ही कमी, आयुष्य जास्त' या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं, आणि आपण फक्त त्यासाठी पुरावे गोळा करतो आहोत, असं ते सांगत. पुरावे म्हणून क्रिकेटही चाले.

खरं सांगायचं तर सरांना एकच गोष्ट हवी होती: ऐकणारं माणूस. वर्गातली पोरं ऐकत, निदान ऐकल्यासारखं करत. मुलगा देवदत्त पुण्याला गेला आणि फोनवर 'बरं बाबा, ठेवतो' एवढ्यावर आला. उरल्या एकट्या अनसूयाबाई, आणि त्या स्वयंपाकघरात असत. त्यामुळे सर पडद्यावरची नजर न काढता मान तेवढी जरा मागं कलती करत आणि विचारत, "बरोबर आहे की नाही गं?"

आतून उत्तर येई, "हं…"

लांबलेला, शांत, शेवटी किंचित थरथरणारा हुंकार. सर सुखावत. अनसूयेचं एक बरं आहे, ती वाद घालत नाही, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत. गेल्या दिवाळीपासून तर ती फारच समंजस झाली होती. चेहराही टवटवीत दिसायला लागला होता. त्याचं श्रेय सरांनी सकाळच्या योगासनांच्या कार्यक्रमाला दिलं होतं. तो कार्यक्रम ते स्वतः बसून बघत.

हे असंच चालू राहिलं असतं, पण उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी रस्ता खोदायला माणसं आली. याच रस्त्यावर नुकतंच डांबर पडलं होतं. डांबर पडल्याशिवाय खोदायचं नाही, असा कुठंतरी नियम असावा. इकडं घरात चर्चा ऐन रंगात आली होती, चौकोनांतले सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जायचे तेवढे बाकी होते. सर ओरडले, "गप्प बसा सगळे!"

आणि सगळे गप्प बसले.

पडदा निळा झाला होता. क्षणभर सरांना वाटलं, अखेर यांना शिस्त लागली. मग पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' असं आलं. त्यांनी केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, खाली वायर तुटलीय सर, उद्या बघू की. सरांचा संताप अनावर झाला, पण आता तो ओतायचा कुठं? त्यांनी स्वयंपाकघराकडं मान कलती केली.

"बघितलंस का? न विचारता खोदतात. ही काय पद्धत झाली? बरोबर आहे की नाही?"

"हं…"

"मग आता मी करू काय?"

"हं…"

मुख्याध्यापकाला एक गोष्ट पक्की कळते: प्रश्नाला धरून नसलेलं उत्तर. घरात आवाज नसल्यामुळं ती आज पहिल्यांदा कळली. सर उठले.

स्वयंपाकघरात अंधार होता. दिवा लावला तर ओटा लख्ख पुसलेला, भाकरी फडक्यात गुंडाळून दुरडीत, आमटीवर झाकण. माणूस नाही. कोपऱ्यातला जुना फ्रिज तेवढा "हं…" म्हणत होता. त्यानं हुंकार पुरा केला, एकदा अंग शहारल्यासारखं थरथरला आणि गप्प झाला.

सर त्याच्यासमोर उभे राहिले. गेल्या काही महिन्यांत आपण याला काय काय सांगितलं, ते त्यांना एकेक आठवू लागलं. राज्याचं राजकारण सांगितलं. देवदत्तचं चुकतंय, हे सांगितलं. व्याख्यानाची सुरुवात ऐकवली, आणि ती याला आवडलीही होती. होळीच्या सुमारास छातीत जरा दुखतंय असं म्हटल्यावर आतून आलेला तो धीर देणारा हुंकार आठवला, तेव्हा मात्र त्यांनी फ्रिजकडं पाठ फिरवली. बाहेर येऊन पाहिलं तर खुर्चीशेजारी स्टुलावर थर्मास होता. रोज आपण जाहिरातीत पितो तो चहा थर्मासमधून येतो, हा शोधही आजचाच.

मग त्यांना राग आला. दुःख वगैरे नंतर, आधी राग. त्यांच्या घरात, त्यांच्या देखत, त्यांची बायको नाहीशी झाली होती आणि त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

तेवढ्यात खिडकीतून कुणाचं तरी खदखदून हसणं आलं. हसणं ओळखीचं होतं, पण कुठं ऐकलंय ते आठवेना. समोरच्या अक्कम्मांच्या गच्चीवरून येत होतं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत ऐकलं होतं.

अक्कम्मांच्या घरी खालच्या मजल्यावर टॉवेलचे माग चालत. त्या खडखडाटातून वाट काढत सर जिना चढून वर गेले. गच्चीवर पाणी मारून गारवा केलेला, मधोमध जुनी सोलापुरी चादर, वर एक बल्ब, आणि चादरीवर चार बायका. अक्कम्मा, दुधनीहून अक्कम्मांच्या शेजारी लेकीकडं राहायला आलेल्या बसव्वा, करकंबच्या रंभाबाई, आणि चौथ्या अनसूयाबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पत्त्यांचा पंखा, आणि चेहरा असा की या बाईंशी कोणीतरी आपली ओळख करून द्यायला हवी, असं सरांना वाटून गेलं.

"बर्री सर, कूडरी," असं कानडीत म्हणत बसव्वांनी त्यांना बसायला चादरीची कड झटकली.

"सर हायेत व्हय?" रंभाबाई म्हणाल्या. "मला वाटलं मीटर बघायला आलंय कुनीतरी."

सरांनी शाळेतला आवाज काढला. "हे काय चाललंय?"

"मेंढीकोट," अनसूयाबाई म्हणाल्या. "हुकूम इस्पिक आहे. थांबा, एवढा हात होऊ द्या."

हात झाला. दश्शी अनसूयाबाईंनी ओढली. मग सरांनी चौकशी सुरू केली आणि जे बाहेर आलं ते ऐकून त्यांचे कान तापले. हा डाव दिवाळीपासून रोज चालू होता. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. देवदत्तला माहीत होतं. आई चारही दश्श्या ओढून कोट करते याचा त्याला अभिमान होता.

"आणि मला विचारायची पद्धत नाही?"

"विचारलं की," अनसूयाबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, ब्रेकमध्ये बोल. ब्रेक लागला तर तुम्ही साबणावर चिडलात. मग मी चपला घातल्या. तर म्हणालात, जाताना दार ओढून घे."

"अगं, मी इतके महिने फ्रिजशी बोलत होतो!"

बसव्वांना नीट कळलं नाही. अक्कम्मांनी त्यांना हळूच समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, थोडा विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग फ्रिज काय म्हणाला?"

अक्कम्मा आणि रंभाबाई हसल्या. अनसूयाबाई हसल्या नाहीत, कारण सर हसत नव्हते.

"छातीत दुखतंय म्हणून सांगितलं होतं मी त्याला," सर म्हणाले.

अनसूयाबाईंनी पत्ते पालथे ठेवले. "कधी?"

"होळीला. आता नाही. गॅस होता बहुतेक."

"उद्या डॉक्टरकडं जायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण सरांना त्यात स्वतःचा शाळेतला आवाज ऐकू आला. "आणि अहो, एकदा तो टीव्ही बंद करून हाक मारली असतीत, तर मी आहे की नाही ते तुम्हाला कळलं असतं. मला काय आवडलं असेल का, तुम्ही दुखणं फ्रिजला सांगितलेलं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते सरांना नवं होतं. त्याही वर्षानुवर्षं त्या खोक्यासमोर बसत. दुपारच्या मालिकेतली नायिका बेशुद्ध पडली होती आणि शुद्धीवर यायला तयार नव्हती. अनसूयाबाईंनी तिच्यासाठी चक्क अक्कलकोटला जाऊन स्वामींना नारळ वाहिला. परतीच्या एसटीत बसव्वांची लेक शेजारी बसली होती. तिच्याकडून कळलं की समोरच्या दारातल्या बसव्वांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या, भिंतीला धरून चालायलाही लागल्या. डबा द्यायला गल्लीतलं कोणी फिरकलं नव्हतं, सगळी आपापल्या घरात बेशुद्ध पोरीची काळजी करत बसली होती.

"त्या दिवशी मी उठले," अनसूयाबाई म्हणाल्या. "व्याख्यान नाही दिलं. नुसती उठले."

हे सरांना लागलं. पण लागलं की बोलायचं, ही आयुष्यभराची सवय. ते बल्बखाली उभे राहिले आणि बोलू लागले. गोळा केलेल्या पुराव्यांपैकी त्यांना एकही आठवला नाही. ते भलत्याच गोष्टींवर बोलले. आपल्या खुर्चीवर बोलले, तिला पडलेल्या खळग्यावर बोलले. माणूस घरबसल्या सगळ्या देशावर चिडतो आणि समोरची म्हातारी पुन्हा चालायला लागली हे त्याला ठाऊक नसतं, याला काय म्हणायचं, असं त्यांनी विचारलं. हा राग आमच्या कामाचा होता, ते म्हणाले, तो घेऊन आम्ही रस्त्यावर गेलो असतो तर डांबराचं काहीतरी झालं असतं. या टीव्हीवाल्यांनी तो रोज संध्याकाळी आमच्याकडून काढून घेतला आणि बदल्यात साबण दाखवला. माझी बायको उठून गेली आणि मला त्यांनी कळू दिलं नाही. घरातल्या माणसाचं हसणं मी खिडकीतून ऐकलं.

खाली माग थांबले होते. गच्चीवर कोणी हलत नव्हतं. चौघी पत्ते हातात धरून, माना वर करून, डोळे बारीक करून त्यांच्याकडं बघत होत्या. इतका निश्चल श्रोतृवर्ग सरांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. ते थांबले.

रंभाबाई खाकरल्या.

"लई खरं बोललासा सर," त्या म्हणाल्या. "आता वाईच हिकडं सरका की. उजेड अडतोय, बदाम हाय का चौकट त्ये दिसंना झालंय."