कमानीखालची परीक्षा

वामनभावजींना इंजिनिअरिंगला धाडायचं की नाही, हे आमच्या घरात एका पुलावर येऊन अडलं होतं. पूल होता यांचा, म्हणजे माझ्या यजमानांचा, भालचंद्रांचा. भोकरदनहून राजूरकडे जाताना ओढा लागतो, त्यावरची दगडी कमान हे त्यांचं पहिलंच काम. आणि धाकट्या भावजींना यांच्याच कॉलेजात जायचं होतं.

माझे सासरे काकासाहेब पक्के वकील. उलटतपासणी घेतल्याशिवाय ते भाजीसुद्धा घेत नाहीत. कॉलेजात काय शिकवतात, पुढे नोकरी लागते का, निजामाचं राज्य गेलं, आता मुंबई राज्यात ही पदवी चालेल का, हे सगळं मामंजींचं पार जालन्यापर्यंत विचारून झालं होतं. शेवटी म्हणाले, "कागद लई पाह्यले. कमानीखालचा आधाराचा लाकडी ढाचा निघू द्या, कमान उभी राह्यली तर मंग ठरवू."

आणि ढाचा काढताना पूल आखणाऱ्याने खाली उभं राहायचं, असा गावकऱ्यांचा हट्ट. आधीचा पूल बैलगाडीसकट कोसळला होता, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. पण मला असा संताप आला की सांगता सोय नाही. नवरा माझा होता.

त्या सकाळी हे कपबशी हातात धरून नुसतेच बसले. चहावर साय आली.

"अरुंधती, कॉलेजात कमान फळ्यावरच काढली. गणितं सोडवली, पहिला नंबर आला. पण ढाचा निघताना एकदाबी पाह्यलं न्हाई."

"मंग उभे राहू नका."

"मीच न्हाई राह्यलो, तर लोकांनी तिच्यावरून कसं जायचं?"

बाहेर ओसरीवर मामंजी वर्तमानपत्र वाचत होते. पानांचा आवाज थांबला होता.

ओढ्यावर सगळं गाव जमलं. कुंकवाचं ताट घेऊन मी काठावर उभी राहिले. पूजेला सवाष्ण हवी म्हणून मला आणलं होतं, आणि मी सवाष्ण राहते की नाही याचीच मला धास्ती. हे कमानीखाली गेले. मुकादम कचरूने ढाच्याची पहिली पाचर ठोकून सैल केली. इतक्यात मामंजींनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि तेही पाण्यात उतरले.

"काकासाहेब, बाहेर व्हा!" हे ओरडले.

"तुला कॉलेजात मी धाडलं. मंग मीबी इथंच."

शेवटची पाचर निघाली. लाकूड करकरलं. कमान किंचित खाली बसली आणि दगडांच्या सांध्यांतून चुना भुरभुरला. मी डोळे गच्च मिटले. राजूरच्या गणपतीला काय काय बोलले, देवालाच ठाऊक. डोळे उघडले तेव्हा ढाचा खाली आला होता आणि कमान जागेवर होती.

लोक ओरडायला लागले. मामंजी खालूनच म्हणाले, "वामन, जल्दी जाऊन अर्ज भर. पदवी बराबर आहे."

भावजी हरखले. हे मात्र जागचे हलले नव्हते. वडिलांचा हात घट्ट धरून म्हणाले, "पाठवा त्याला. पण त्याच्या पहिल्या कमानीखाली तुम्ही न्हाई जायचं, काकासाहेब. मी उभा राहीन."

नुकताच कुठे भांड्यात पडलेला माझा जीव पुन्हा टांगणीला लागला.