सीडीतला मुंजाबा

"ह्यो माझा माणूस नाय, भाऊ," असं म्हणून कस्तुराबाईंनी पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला.

राजकुमारने आधी पेनड्राइव्हकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. सोमवारी हीच बाई पैठणच्या पलीकडच्या वस्तीवरून एसटीने आली होती. फडक्यात गुंडाळलेली एक सीडी काढून तिने त्याच्या हातात दिली होती आणि यातला सिनेमा मोबाइलात बसवून द्या म्हणाली होती. औरंगपुऱ्यातल्या त्याच्या चिंचोळ्या दुकानावर पाटीच होती, जुन्या सीड्या मोबाइलात भरून मिळतील. सोमवारीच त्याने मोबाइलात आणि सोबत पेनड्राइव्हमध्येही सिनेमा भरून दिला. आज गुरुवार, आणि बाई परत दारात.

"मावशी, सीडीत जो माणूस हाय तोच पेनड्राइव्हमधी येणार. मी काय दुसरा आणून बसवू?"

"चेहरा त्येंचाच हाय. आवाज त्येंचा नाय. पत्र्यावर खडे ओतल्यावानी बोलत्यात."

बारा वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या एका हौशी मास्तरने पदरमोड करून सव्वा तासाचा सिनेमा काढला होता. सिनेमात मेंढरं हवी होती, आणि मेंढरं मुंजाबाशिवाय हलत नव्हती, म्हणून मुंजाबालाही घ्यावं लागलं. कस्तुराबाईंच्या नवऱ्याचा सिनेमातला संसार एवढाच, तीन मिनिटांचा. शहरातून आलेला हिरो रस्ता विचारतो आणि मुंजाबा सांगतो. मास्तर पुढे बदली होऊन गेला. त्याने वाटलेल्या सीड्या पोरांनी मोटारसायकलींच्या चाकांना बांधल्या. मुंजाबाही गेला, त्याला चार वर्षं झाली. आता ही एकच सीडी उरली होती.

राजकुमारने पेनड्राइव्ह लावला, सिनेमा पुढे सरकवला, स्पीकरची खुंटी फिरवली. कोरडं माळरान, पांढरं मुंडासं, हलणारे ओठ. त्याला आवाज चांगला खणखणीत वाटला.

"बरोबर तर हाय, मावशी."

कस्तुराबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते.

तो जरा वरमला. पण एकोणीस वर्षं कारखान्यात आणि सात वर्षं या दुकानात काढलेला माणूस लगेच हार मानत नाही. स्पीकर जुना होता, त्याने तो बदलला. वायर बदलली. पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. दर वेळी तो विचारायचा, "आता?" आणि दर वेळी म्हातारी मान हलवायची. चौथ्या वेळी तर तिने कानांवरचे हात काढलेच नाहीत. राजकुमारच्या कपाळावर घाम आला. एप्रिल होता, कूलरला टाकायला पाणी नव्हतं, नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. पण हा घाम काही उन्हाचा नव्हता.

"सीडी आणली का?"

तिने फडकं सोडलं. त्याने सीडी उजेडात धरली. मधल्या भोकापासून निघालेली चीर आता बोटाच्या पेराएवढी झाली होती. सोमवारी ती नखाएवढी होती. सोमवारी त्याने ती पाहिली होती आणि काही बोलला नव्हता. एवढ्याशा चिरेने काय होतंय, असं त्याला वाटलं होतं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. शहाणा माणूस आधी सीडी जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवतो आणि मग तिच्यावर काय ते काम करतो. राजकुमार जागा वाचवायला सीडीवरून थेट मोबाइलची फाइल बनवायचा. मूळ कुठेच ठेवायचा नाही. कधी नडलं नव्हतं. म्हणजे आता मुंजाबाचा खरा आवाज फक्त या चिरलेल्या चकतीत होता, आणि चकती ड्राइव्हमध्ये गरगर फिरताना कितीदा टिकेल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. कदाचित एकदा. कदाचित तेवढंही नाही.

त्याने पुन्हा पेनड्राइव्ह लावला. खुंटी आणखी फिरवली.

शेजारच्या घड्याळवाल्या मुश्ताकभाईंनी डोळ्यावरचं भिंग काढून दारातून डोकं आत घातलं. "राजूभाई, बुरा मत मानो. सुबह से इत्ता जोर से बजा रै तुम, मेरे कान में सीटी बज री. हल्लू करो ना जरा. और ये आवाज तो पूरी फटेली है."

"फटेली है?"

"तुमकू नै सुनाई देरा?"

राजकुमारने खुंटीकडे पाहिलं. ती पाऊण फेरी पुढे होती. त्याला तर आवाज बेताचाच वाटत होता.

मग त्याने गेल्या सात वर्षांत न केलेली गोष्ट केली. कानाने ऐकायचं सोडून पडद्यावर पाहिलं. आवाज किती चढला हे दाखवणाऱ्या दोन पट्ट्या कोपऱ्यात असतात. मुंजाबा तोंड उघडायचा आणि दोन्ही पट्ट्या टोकाला जाऊन लाल व्हायच्या, तोंड मिटेपर्यंत लालच राहायच्या. आवाज फाटतो तो असा. सीडीची, वायरची, स्पीकरची कशाचीच चूक नव्हती. फाइल बनवताना राजकुमार दर वेळी आवाज दुप्पट करत होता, कारण दर वेळी त्याला तो कमी वाटत होता. शिवाय माळरानावरचा वारा घुमतोय म्हणून त्याने वारा कापायची सोयही चालू केली होती. त्या कात्रीने वाऱ्याबरोबर आणखी काय काय कापलं, देव जाणे. गेल्या दोन महिन्यांत तीन गिऱ्हाइकं अशीच परत आली होती. त्यांना त्याने सांगितलं होतं, तुमचा मोबाइल खराब आहे.

चिकलठाण्याच्या कारखान्यात तो पत्रा कापणाऱ्या प्रेससमोर उभा असायचा. कानात घालायला बोळे मिळत. पण जो घालायचा त्याला बाकीचे नवरदेव म्हणून चिडवायचे, म्हणून कुणी घालत नसे. राजकुमारने लग्नाचा दिवस सोडून कधीच नवरदेव व्हायचं टाळलं. घरी अमृता हळू बोलते म्हणून तो वर्षभर तिच्यावर चिडत होता. बायकोचं नाव अमृता आणि तोंडात गुळणी, असं तो चारचौघांत म्हणायचा. ती बिचारी हसायची.

त्याला मनापासून लाज वाटली. आणि त्याच क्षणी, खोटं कशाला बोला, त्याला सुटायची वाटही दिसली. सीडी चिरलेली होतीच. "मावशी, सीडीच बाद झाली," एवढं म्हटलं की झालं. म्हातारीने विश्वास ठेवला असता. मुश्ताकभाईंनीही ठेवला असता.

"खराब झाली का सीडी?" कस्तुराबाईंनीच विचारलं. जणू त्याला वाट करून देत होत्या. "नाय म्हंजी, असंल तर सांगा. साडेपाचची गाडी हाय मला."

राजकुमारने सीडी फडक्यावर ठेवली.

"फोटो हाय घरी," त्या म्हणाल्या. "चेहरा काय, फोटोत दिसतो. पर आवाज इसरायला लागले मी, भाऊ. रातच्याला आठवून बघते तर येतच नाय. चाळीस वर्सं ऐकला आन् चार वर्सांत गेला. म्हनून आले व्हते."

"सीडी खराब नाय, मावशी," राजकुमार म्हणाला. "मी खराब केलं. मला कमी ऐकू येतं."

हे वाक्य त्याने आजवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं. मुश्ताकभाई भिंग पुसत राहिले. कस्तुराबाईंनी नुसतं "व्हय का," म्हटलं, जसं कुणी सांगावं की मला चष्मा आहे.

"एकदा आणखी फिरवून बघतो. पण फुटली तर फुटली. इचार करा."

"फिरवा," त्या म्हणाल्या. "लावायला मशीन नाय, तशीबी ती माझ्यापाशी मुकीच हाय."

त्याने ड्राइव्हचा वेग सगळ्यात कमी केला. मागच्या प्लॉटवर नवं कॉम्प्लेक्स होत होतं आणि तिथे सकाळपासून बोअरची गाडी लागली होती. सातशे फूट गेली तरी नुसता फुफाटा निघत होता. तिच्या दणक्याने टेबल थरथरत होतं. राजकुमारच्या कानाला तो दणका बेताचाच वाटत होता, पण हाडाला पुरता कळत होता. ड्राइव्ह वायरीने जोडायचा, सुटा होता. त्याने मांडीवर रुमालाच्या चार घड्या घातल्या, त्यावर ड्राइव्ह ठेवला आणि दोन्ही तळहातांनी हलकेच धरला, म्हणजे हादरा मांडीत जिरेल. मग मुश्ताकभाईंना सांगितलं, "बटन तुम दबाओ."

काही वाढवायचं नव्हतं, काही कापायचं नव्हतं. जसं आहे तसं उतरवायचं. सिनेमा चार तुकड्यांत उतरणार होता. मुंजाबा दुसऱ्या तुकड्यात होता.

पहिला तुकडा उतरायला तेरा मिनिटं लागली. एक पोरगी स्क्रीनगार्ड आहे का विचारायला आली, तिला मुश्ताकभाईंनी हातानेच परत पाठवलं. दुसरा तुकडा निम्म्यावर आला आणि अडला. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हलेना. राजकुमारच्या तळहातांना चकती थांबून, मागे घेऊन, पुन्हा फिरल्याचं जाणवत होतं. तोच तोच वेढा ती चाचपत होती. आकडा एकाने हलला. मग आणखी एकाने.

"आला दुसरा," मुश्ताकभाई म्हणाले. त्यांचा आवाज ऐकू आला नाही, पण तोंड दिसलं.

तिसऱ्या तुकड्याला सुरुवात झाली आणि राजकुमारच्या हातात काहीतरी तडकलं. मुश्ताकभाई दचकून मागे सरले. ड्राइव्ह उघडला तर आत चंदेरी ठिकऱ्या. राजकुमारने त्या एकेक करून कागदावर काढल्या.

"गेली," तो म्हणाला. "शेवट गेला, मावशी. निम्मा पिक्चर गेला."

"शेवटी काय, त्या हिरोचं लगीन व्हतं," कस्तुराबाई म्हणाल्या. "जाऊ द्या."

राजकुमारने दुसरा तुकडा लावला. स्पीकर लावलाच नाही. मोठे हेडफोन पुसले आणि म्हातारीच्या पदरावरून तिच्या कानांवर बसवले. खुंटीला हातही लावला नाही. पट्ट्या हिरव्या होत्या, मुंजाबा बोलला की अर्ध्यापर्यंत चढत आणि उतरत. आवाज कसा आहे हे त्याला फक्त समोरच्या चेहऱ्यावरून कळणार होतं, आणि चेहरा दगडासारखा होता.

पडद्यावर मुंजाबाने काठीने ओढ्याकडे दाखवलं. हिरो निघून गेला. प्रसंग संपला, तरी मास्तराला कॅमेरा बंद करायचं सुचलं नसावं. मुंजाबा तसाच उभा राहिला, मुंडासं सारखं केलं, कॅमेऱ्याच्या बाजूला कुठेतरी पाहिलं आणि अगदी थोडे ओठ हलवले. पट्टीवर एकच हिरवी रेघ उमटून गेली.

कस्तुराबाईंनी तोंडावर पदर घेतला.

राजकुमार घाबरला. "काय झालं? फाटला का पुन्यांदा?"

"नाय."

"मंग?"

"ऐकलं नाय का तुमी?"

"नाय, मावशी. मला नाय ऐकू आलं."

मग कस्तुराबाई त्याच्या कानाशी वाकल्या आणि मेंढरं हाकणारी बाई ज्या आवाजात ओढ्यापलीकडून बोलते त्या आवाजात म्हणाल्या, "जमलं का गं, म्हनत्यात. मला इचारत्यात. मी तिथंच उभी व्हते, कॅमेऱ्यामागं, कोकरू धरून. मास्तरनं सांगितलं व्हतं, कुनी बोलायचं नाय. मंग मी बोलले नाय. घरी गेल्यावर सांगू म्हनलं, आन् मंग काय, इसरलंच. गावात दाखवला तवा एकदाच ऐकलं, परत नाय. आत्ता ऐकलं."

मुश्ताकभाई उठून आपल्या दुकानात गेले आणि घड्याळांकडे तोंड करून बसले.

राजकुमारने मुंजाबाचा तेवढा प्रसंग तिच्या मोबाइलात घातला, आवाजात काहीही न बदलता. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये ठेवली, दुसरी पेनड्राइव्हमध्ये. कुठलं बटन दाबलं की मुंजाबा येतो ते तिला तीनदा करून दाखवलं. ती पैसे काढू लागली तेव्हा त्याने तिची मूठ मिटली आणि म्हणाला, "गाडी जाईल, मावशी."

ती पायरी उतरून रस्त्याच्या कडेला रिक्षा बघत उभी राहिली. औरंगपुऱ्याची संध्याकाळची गर्दी सुरू झाली होती. हॉर्न असणार, बोअर असणार, फळवाल्यांच्या आरोळ्या असणार. राजकुमार काउंटरमागून पाहत होता. गर्दीत तिने मोबाइल काढला, बटन शोधलं आणि कानाला लावला. प्रसंग संपेपर्यंत तिने तो कानावरून काढला नाही. मग फोनवर समोरच्याशी बोलावं तसे तिचे ओठ हलले, एकच शब्द बोलल्यासारखे. तो शब्द राजकुमारला इतक्या लांबून कळला, आणि रिक्षा येऊन ती आत बसेपर्यंत तो उभाच राहिला.