पनामाचा कॅमेरा

पालाशविधी म्हणजे काय ते आता मला कोणी शिकवू नये. देह सापडला नाही की पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. आमच्या आल्हादसाठी मी सिद्धवटाच्या घाटावर श्राद्धं करणाऱ्या गुरुजींशी बोलूनही आलो होतो. मालवाहू जहाजावर नोकरीला होता, तिथूनच तो प्रशांत महासागरात पडला. कंपनीने शोधाशोध केली, हात टेकले आणि मला फोनवर सॉरी म्हटलं. झालं, खतम. सव्वीस वर्षांचा पोरगा माझा.

पण माझी बायको अहल्या ऐकेना. तिचं एकच टुमणं, जहाज पनामातून जाऊ दे, मग बघू. तिथे कालव्याच्या दरवाजावर कॅमेरा असतो, तो घरबसल्या फोनवर दिसतो. गेल्या साली आल्हादने तिला सांगून ठेवलं होतं की मी जहाजाच्या पुढच्या टोकाला उभा राहून हात करीन. त्याने केला आणि हिने तो आमच्या सगळ्या माधव नगरला दाखवला. आता म्हणे, तो जहाजातच कुठेतरी आजारी पडला असेल, यांनीच शोधण्यात घोळ केलाय, कॅमेऱ्यासमोर आल्याशिवाय तो राहणार नाही. माझं डोकं फिरायचं. बाई, तो काय टावर चौकात हरवलाय का?

आणि जहाज काही जाईना. तो कालवा समुद्राच्या पाण्यावर चालत नाही. मधे उंचावर गोड्या पाण्याचं तळं आहे. जहाज एका कप्प्यात घेतात, मागचा दरवाजा लावतात आणि तळ्याचं पाणी सोडून त्याला वर उचलतात. पलीकडे तसंच खाली उतरवतात. दर जहाजामागे तळ्याचं पाणी समुद्रात जातं. त्या साली तिथे पाऊसच नव्हता, तळं खाली गेलेलं, जहाजांची ही रांग. आपल्या गावाला पाणी देणारं गंभीर धरण आटलं की नळ एक दिवसाआड येतात, तसंच. मी जलविभागात नोकरी केली, पावसाची वाट बघण्यात जन्म गेला. पण खरं सांगतो, त्या दिवसांत सकाळी उठून मी तिथलं हवामान बघायचो आणि पाऊस नाही दिसला की मला बरं वाटायचं. जहाज रांगेत आहे तोवर माझा पोरगा मेलेला नाही. हे अहल्येला कधी बोललो नाही. तिच्यासमोर नुसता करवादायचो, की तुझ्यापायी गुरुजींना किती वेळा नाही म्हणू.

शेवटी रुचिरचा फोन आला. जहाजावर आल्हादच्या शेजारच्या खोलीत राहणारा मुलगा. उद्या आमचा नंबर लागलाय काका, म्हणाला, तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळ असेल.

अहल्येने फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. जहाज कप्प्यात आलं, दरवाजा लागला, पाणी भरू लागलं. भिंतीमागून जहाज हळूहळू वर येत होतं. आधी कठडा दिसला, मग हेल्मेटं, मग केशरी कपड्यांतली माणसं. चेहरे काही ओळखू येत नव्हते. पुढच्या टोकाला एक जण कॅमेऱ्याकडे वळला आणि हात वर करून हलवायला लागला.

"आल्हाद!" मी ओरडलो. उठून उभाच राहिलो. "अगं, हाच! मी म्हणत नव्हतो?" मी काय म्हणत होतो, देव जाणे.

अहल्या वाकून बघत राहिली.

"रुचिर असेल तो," ती म्हणाली. "उजवा हात आहे हो. आपला डावखुरा."

मी म्हटलं, कॅमेऱ्यात उलटं दिसत असेल, मोबाइलमधे होतं तसं. ती वाद घालत बसली नाही.

"त्याला तरी हात करा," ती म्हणाली. "केव्हाचा उभा आहे पोरगा."

मी केला. तिनेही केला. पुढचा दरवाजा उघडला आणि जहाज पुढे सरकलं. मग अहल्येने कॅमेरा बंद केला, गुरुजींचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून गुरुजी हॅलो, हॅलो करत राहिले.