चाळीस घरांचे फॉर्म

भूपेशचं काम तसं सोपं होतं. केंद्र सरकारचा पैसा कुठल्या तालुक्यात किती पोचला, ते मोजायचं. मंजुरीची यादी त्याच्या संस्थेकडे होतीच. घरोघर जाऊन हातात खरं काय पडलं, तेवढं विचारायचं. तो धानोऱ्याचा, म्हणून नंदुरबार जिल्हा त्याच्याच गळ्यात पडला. सपाटीवरची गावं त्याने मन लावून केली. उरला सातपुड्यातला एक पाडा, तीन तासांची चढण. नेमका तेव्हाच सारंगखेड्याला घोडेबाजार भरला होता. मग काय, पठ्ठ्याने बाजारात घोडे बघितले, मंजुरीची यादी पुढ्यात घेतली आणि चाळीस घरांचे फॉर्म घरच्या ओट्यावर बसून भरून टाकले. घर मिळालं, नळ मिळाला, गॅस मिळाला. कोण बघायला जातंय!

तक्त्यात पाडा झळकला. अहवाल सोमवारी दिल्लीला जायचा होता. एकदा गेला की पाड्यापुढे ‘पोचलं’ असं कायमचं लागणार, मग पुन्हा मागायची सोय नाही.

शनिवारी तो आईला, कौसाबाईला, घेऊन नंदुरबारला मिरची घ्यायला गेला. ढिगापाशी देठं खुडणाऱ्या कालीबाईशी आईच्या गप्पा रंगल्या. ती नेमकी त्याच पाड्यावरची निघाली.

“दरसाल आम्ही ऊस तोडाले गुजरातमा जातस,” कालीबाई म्हणाली. “औंदा निरोप उना, सरकारना साहेब घरं मोजाले येनार शे. आख्खा पाडा दोन दिन थांबना. कोंबडं कापं. मुकादमनी गाडी निंघी गई, साहेब काही उना नही.”

आई भडकली. “कोन व्हता रे भूपेश, तो मेला? तुन्हाच हापिसना व्हई!”

“शिव्या नको दिऊ, माय,” कालीबाई म्हणाली. “तब्येत बिघडनी व्हई त्यानी.”

भूपेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या त्याने पचवल्या असत्या. ही माया पचेना.

“तब्येत बरी व्हती, मावशी,” तो खाली मान घालून म्हणाला. “घोडा दखाले गयथू मी.”

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. तिला वर बघवेना. कालीबाईने खुडलेली मिरची ढिगावर टाकली. मग तिने एक रिकामं पोतं त्याच्याकडे सरकवलं.

“मंग आते बस आनि लिखी ले,” ती म्हणाली. “पहिलं घर मन्हं. अजून कुड-मातीनंच शे.”