राहिलेले अठ्ठावीस फूट

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि माझ्यावर सहा महिने एक खोटा आकडा लिहिलेला होता. मला ते ठाऊक नव्हतं. फळ्याला काय ठाऊक असणार म्हणा, जे लिहितील ते अंगावर वागवायचं एवढंच आमचं काम. पण त्या आकड्यापायी एका पोरीनं पाण्यात पाय टाकायचं सोडलं, म्हणून ही हकीकत सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधला. कारखान्याचं नाव सांगत नाही, शेवगावच्या बाजूला आहे एवढं पुरे. सुतारानं सागाची चौकट केली, आत प्लायवूड ठोकलं, काळ्या रंगाचे दोन हात मारले आणि मला गेटवर टांगलं. रोज सकाळी लॅबमधला माणूस येऊन कालचं गाळप किती टन आणि साखर उतारा किती, म्हणजे उसामागं साखर किती टक्के निघाली, ते माझ्यावर लिहून जायचा. उतारा चढला की ट्रॅक्टरवाले माझ्याकडे बघून खूश व्हायचे, आणि उतरला की जणू मीच रस पिऊन टाकला अशा नजरेनं बघायचे. बारा हंगाम मी तिथं मानानं काढले. मग लाल दिव्यांचा बोर्ड आला आणि माझी रवानगी भंगाराच्या गोदामात झाली. चार वर्षं फाटक्या बारदानाखाली पडून होतो. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिथून मला सविता मॅडमनी काढलं. मॅडम मूळच्या कोल्हारच्या, प्रवरेच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या, पुढं विद्यापीठाकडून स्पर्धा पोहलेल्या. कारखान्याच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका म्हणून आल्या आणि शाळेमागच्या पोहण्याच्या टँकवर मुलांचा संघ उभा करायचं त्यांनी मनावर घेतलं. टँक कारखान्याच्याच गवंड्यांनी बांधलेला. पंचवीस मीटर लांब आहे, असं सगळे सांगायचे. पंप आणि फिल्टर बघायला कानिफनाथ नावाचे साठीला आलेले गृहस्थ होते. त्यांनी मला पंपघराच्या भिंतीवर खिळे ठोकून बसवलं.

आता माझ्यावर सेट लिहिले जाऊ लागले. सेट म्हणजे आज किती अंतर, किती वेळा आणि मध्ये किती विसावा घेऊन पोहायचं, त्याची मांडणी. पहिल्या वर्षी मॅडम मोबाईलवर बघून कुठल्यातरी परदेशी क्लबचे सेट उतरवायच्या. शंभर मीटर वीस वेळा, त्याखाली पन्नास मीटर तीस वेळा. मुलं फळा वाचायची आणि लगेच कुणाच्या गॉगलात पाणी शिरायचं, कुणाच्या पोटात कळ यायची. एक पठ्ठ्या तर दर चौथ्या फेरीला बाथरूमला पळायचा. मॅडम ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायच्या. शेवटी एका रविवारी त्या स्वतः पाण्यात उतरल्या आणि माझ्यावरचा सगळा सेट पोहून काढला. बाहेर आल्या, टॉवेल खांद्यावर टाकला आणि कानिफनाथांना म्हणाल्या की पोरांचं काही चुकत नाही, मलाच जांभया आल्या.

तिथून त्यांचा खडू बदलला. प्रत्येक ओळीपुढं ही ओळ कशासाठी, तेही त्या लिहू लागल्या. सेटात खेळ घातले. एकाला सोडून पाच सेकंदांनी दुसऱ्याला त्याच्या मागं सोडायचं आणि पायाला हात लागला की पहिला बाद, हा चोर-पोलीस. एका फेरीला कमीत कमी हात मारून पलीकडं जायचं, हा दुसरा. आणि मुलांचा सगळ्यात लाडका म्हणजे अंदाज. घड्याळ न बघता पोहायचं, आपल्याला किती सेकंद लागले ते सांगायचं, आणि ज्याचा अंदाज खऱ्या वेळेच्या सगळ्यात जवळ तो जिंकला. त्यात सगळ्यात हळू पोहणारी पोरंही जिंकायची, आणि नकळत सगळ्यांनाच आपल्या वेगाचा मेळ समजायला लागला. बाथरूमचा पठ्ठ्या बाथरूम विसरला.

ज्ञानेश्वरी याच काळात आली. बारा वर्षांची, वस्तीवरची, पाठीला डबा बांधून बापाच्या विहिरीत पोहायला शिकलेली. तिचे वडील अमृत. त्यांनी मॅडमना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की पोरीची आठवी संपेपर्यंत पोहू देईन. पुण्याला दर वर्षी मे महिन्यात क्रीडा वसतिगृहासाठी निवड होते, त्यात ती लागली तर आनंद आहे, नाही लागली तर पाणी बंद आणि अभ्यास सुरू. माणूस शब्दाचा पक्का होता. म्हणजे सातवीनंतरचा मे महिना आणि आठवीनंतरचा मे महिना, एवढाच तिचा वेळ.

निवडीला शंभर मीटर फ्रीस्टाईल एक मिनिट पंधरा सेकंदांत पोहावं लागे. सातवीच्या डिसेंबरात ज्ञानेश्वरीनं आमच्या टँकमध्ये चार फेऱ्या एक मिनिट बारामध्ये मारल्या. मॅडमनी माझ्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून तो आकडा लिहिला. शाळेत पेढे वाटले, पेपरात फोटो आला. शाळेच्या संस्थेनं खूश होऊन नव्या लेनच्या दोऱ्या मागवल्या, पंचवीस मीटरच्या, प्लास्टिकचे रंगीत गोळे ओवलेल्या.

दोऱ्या बांधायला घेतल्या तर त्या टँकपेक्षा लांब भरल्या. प्रत्येक दोरी दोन-सव्वादोन मीटर जास्त. कानिफनाथ हरखून गेले. दुकानदारानं हात सैल सोडलाय, मॅडम, म्हणाले. सगळ्यांना ते पटलं. शेवगावच्या बाजारात कापड घेतलं तरी मापावर चार बोटं जास्त सोडतातच की. त्यांनी जादाचे तुकडे कापले, गोळे काढून मुलांना वाटले आणि त्या दोरीची पंपघरासमोर धुणं वाळत घालायला वलन बांधली. मी समोर होतो. मलाही काही शंका आली नाही.

मे महिन्यात पुण्याला ज्ञानेश्वरीला एक मिनिट एकवीस सेकंद लागले. बारा कुठं आणि एकवीस कुठं. पुण्याचा टँक पन्नास मीटरचा, गॅलरीत माणसं, भोंगा, सगळं नवं. पोरगी घाबरली, असं सगळे म्हणाले. गाडीत मॅडमही तेच म्हणाल्या. ज्ञानेश्वरीनं मान खाली घातली ती वस्ती येईपर्यंत वर केली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून टँकवर यायची बंद झाली. घरी तिनं सांगितलं की मी भित्री आहे, मला जमायचं नाही. हे कानिफनाथांनी ऐकून आणलं.

जूनमध्ये एकदा मॅडम पंपघरासमोर हात पुसत उभ्या होत्या. समोर वलनीवर टॉवेल. त्यांनी टॉवेल बाजूला सारला, दोरी चिमटीत धरली आणि दर दोरीला एवढाच तुकडा जादा कसा निघाला, असं पुटपुटल्या. मग कानिफनाथांना हाक मारून टेप आणायला सांगितला. दोघांनी टँकच्या कडेनं टेप धरला. एकदा मोजलं, उलटीकडून पुन्हा मोजलं. पंचाहत्तर फूट, एक इंच इकडं नाही की तिकडं.

कानिफनाथ म्हणाले, "आमच्याकडं तीन फुटाचा मीटर धरत्यात, मॅडम. गवंड्यानं त्याच हिशेबानं बांधलाय."

मीटर तीन फुटांपेक्षा थोडा मोठा असतो, मित्रांनो. घराच्या भिंतीला तेवढं चालून जातं. पण पंचाहत्तर फूट म्हणजे तेवीस मीटरही भरत नाहीत. चार फेऱ्या म्हणजे तीनशे फूट, आणि शंभर मीटर म्हणजे तीनशे अठ्ठावीस. ज्ञानेश्वरी आमच्याकडं शंभर मीटर कधी पोहलीच नव्हती. वर तिला इथं दर फेरीला भिंतीला रेटा मारून पुढं सुटायला मिळायचं, पुण्याला एकदाच.

मॅडम पंपघराच्या पायरीवर बसल्या. हे त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. बोललं तर शाळेची शोभा, पालक म्हणणार बाईंनी फसवलं, आणि पेढे खाल्लेलेच पहिले तोंड वाजवणार. न बोललं तर एक पोरगी जन्मभर स्वतःला भित्री समजणार. मॅडमचा चेहरा मी जवळून पाहिला. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी त्यांनी संध्याकाळी सगळ्या मुलांना आणि पालकांना बोलावणं धाडलं, आणि अमृतरावांच्या वस्तीवर स्वतः गेल्या.

मुलं जमली. अमृतराव हाताची घडी घालून उभे. मॅडमनी माझ्यावर पंचाहत्तर गुणिले चार लिहिलं, त्याखाली तीनशे अठ्ठावीस लिहिलं, वजाबाकी केली आणि जे होतं ते सांगितलं. टँकवर आल्या दिवशीच टेप लावायला हवा होता, तो मी लावला नाही, असंही सांगितलं. मग ज्ञानेश्वरीकडं वळल्या.

"तू घाबरली नव्हतीस. गाडीत मी बोलले ते चूक होतं."

पोरीनं माझ्या कोपऱ्यातल्या चौकटीकडं पाहिलं. "म्हंजी मी तेवढी फास्ट कधी हुतेच न्हाई?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नव्हतीस."

ज्ञानेश्वरी पुढं आली. तिनं फडकं घेतलं आणि तो एक-बारा स्वतःच्या हातानं पुसला. जोरात पुसला. माझा तिथला रंगही थोडा निघाला. मला त्या वेळी जेवढं वाईट वाटलं, तेवढं गोदामातल्या चार वर्षांतही वाटलं नव्हतं. मग ती बापाबरोबर निघून गेली.

आठ दिवस ती आली नाही. मॅडमनी तेवढ्यात नव्या तऱ्हेनं सेट मांडले. टँकच्या एका टोकापासून अठ्ठावीस फुटांवर पाण्याच्या वर उंच आडवी दोरी ताणली आणि तिला लाल फडकी बांधली. चार फेऱ्या झाल्या की भिंतीला हात लावून थांबायचं नाही, वळून त्या फडक्यांपर्यंत जायचं, तेव्हा शंभर पुरे. दमल्यावर तेवढंच अंतर नको वाटतं, म्हणून त्यांनी त्याचाच खेळ केला. हे राहिलेले अठ्ठावीस फूट जो सगळ्यात कमी सेकंदांत काढेल, त्यानं दुसऱ्या दिवशीच्या सेटाची एक ओळ सांगायची. पोरं जीव तोडून पोहू लागली. एकेक ओळ अशी काही सांगायची की मॅडमना हसू आवरायचं नाही.

दुसरा सेट पुण्याच्या लांब टँकसाठी होता. भिंतीजवळ यायचं, पण भिंतीला पाय लावायचा नाही, पाण्यातच वळायचं आणि रेट्याशिवाय पुन्हा वेग धरायचा. मुलं तोंडात पाणी जाऊन खोकत होती. नवव्या दिवशी ज्ञानेश्वरी कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ बघत राहिली. मग शाळेच्या कपड्यांवरच आत आली.

"हे तर विहिरीत करत्यात तसंच हाय," ती म्हणाली, आणि चपला काढून पाण्यात उतरली. वळली, आणि दोन हातांत पुन्हा वेगात होती. विहिरीत पाय रेटायला सपाट भिंत कुठली मिळत होती तिला. मॅडमनी त्या सेटाला विहीर नाव दिलं आणि तो बाकीच्यांना शिकवायचं काम तिच्याकडं दिलं.

वर्ष कष्टाचं गेलं. एक-एकवीसचे एकोणीस झाले, एकोणीसवर दोन महिने गाडी अडली, मग सतरा. हे सगळे खरे शंभर, लाल फडक्यांपर्यंतचे. मार्चमध्ये अमृतराव एकदा येऊन माझ्यासमोर उभे राहिले, सतराचा आकडा वाचला आणि म्हणाले की दोन सेकंद अजून बाकी आहेत आणि महिने पण दोनच. धमकी नव्हती ती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेट लिहिताना मॅडमच्या हातून खडू दोनदा मोडला.

मे महिन्यात पुण्याला काय झालं, ते मॅडमनी परत आल्यावर कानिफनाथांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. पोशाख चढवून उभी राहिल्यावर ज्ञानेश्वरी सरळ पंचांच्या टेबलाकडं गेली. "सर, टँक मोजलेला हाय ना?" तिनं विचारलं. शेजारच्या मुली हसल्या. पंच हसले नाहीत. त्यांनी मोजणीचा कागद काढून तिच्यासमोर धरला, तिनं बोट ठेवून आकडा वाचला, मान हलवली आणि मग ती आपल्या लेनवर गेली. एक मिनिट चौदा सेकंद. निवड झाली.

वसतिगृहात जायच्या आदल्या दिवशी ती बापाला घेऊन टँकवर आली. मॅडमनी खडू तिच्या हातात दिला. तिनं रंग गेलेल्या त्या जागी एक-चौदा लिहिलं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात 'पुणे, पन्नास मीटर, मोजलेला' असं लिहिलं. पेढ्यांच्या वेळच्या आकड्यापेक्षा हा दोन सेकंदांनी हळू. अमृतरावांनी तो वाचला, खिशातून रुमाल काढला आणि ते तोंड पुसत राहिले.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो. माझं प्लायवूड पाण्याच्या शिंतोड्यांनी फुगलंय, एक कड सुटलीय. मला कोरड्या फडक्यानं खरवडू नका, ओल्यानं हलकेच पुसा, आणि वर्षातून एकदा रंगाचा हात मारा. एवढं माझं स्वतःचं मागणं. दुसरं मागणं मोठ्यांकडं आहे. माझ्यावर टनाचा आकडा चुकला तेव्हा दुसऱ्या दिवशी तो दुरुस्त व्हायचा आणि कुणाचं काही बिघडायचं नाही. लेकराच्या नावापुढं लिहिलेला आकडा मात्र ते लेकरू घरी घेऊन जातं, त्याच्यासोबत झोपतं, आणि आपण कोण आहोत ते त्यावरून ठरवतं. म्हणून आधी टेप लावा आणि मग खडू हातात घ्या.