आधी ऊब, मग चहा

मित्रांनो, मी चहा घुसळायचा एक जुना, काळा, जाडजूड वाडगा आहे. चीनमधल्या च्येनच्या डोंगरात ये दिंग कुंभाराने मला घडवले. भट्टीत माझी झिलई ओघळली आणि बुडाशी थेंब होऊन थिजली. तो थेंब मला अजून आवडतो.

गावाला मात्र मी आवडलो नाही. तिथे सगळे पातळ, हिरवट वाडगे वापरत. शेजारचा तेंग तर मला पाहून खो खो हसला. "ये दिंग, वाडगा केलास की खल? कोंबड्यांना पाणी ठेव यात!"

ते ये दिंगच्या मनाला फार लागले. तो बायकोला म्हणाला, "सूयुन, वसंतातल्या चहाच्या पैजेत हा हरला, तर मी सगळे काळे वाडगे फोडणार."

भट्टीजवळ माझी चाळीस भावंडे रचलेली होती. माझी काय अवस्था झाली असेल!

पैजेचा नियम सोपा होता. चहाची पूड गरम पाण्यात बांबूच्या रवीने घुसळायची. ज्याचा फेस आधी फुटेल तो हरला. तीन डाव. पहिल्याच डावात तेंगच्या वाडग्यासमोर सूयुनने माझ्यात घुसळलेला फेस झटक्यात बसला. लोक हसले. ये दिंगने मला उचलून हात उगारला.

"अहो, थांबा!" सूयुन ओरडली. "चूक माझी आहे. गार वाडग्यात फेस टिकेल कसा? मी घाईत तो तापवलाच नाही!"

"आता वाडग्याला शेक द्या, अंगावर पांघरूणही घाला!" तेंग म्हणाला.

"घालीन! तुमच्या वाडग्याला सर्दी झाली तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

तिने मला निखाऱ्यांवर धरले. ऊब माझ्या जाड अंगात मुरली. मग तिने असे घुसळले, की पांढराशुभ्र फेस माझ्या काळ्या काठाला चिकटून बसला. तेंगचा पातळ वाडगा निवाला, त्याचा फेस फुटला, माझा हलेना. तिसऱ्या डावातही तेच झाले. ये दिंग मला छातीशी धरून लहान मुलासारखा रडला. माझी भावंडे वाचली!

पुढे काळ बदलला. लोक चहा घुसळायचे सोडून पाने उकळत्या पाण्यात टाकू लागले. मी अडगळीत गेलो, आणि तिथून खरोखरच कोंबड्यांच्या खुराड्यात! तेंगचे बोल खरे ठरले. कोंबड्या तशा बऱ्या, नावे ठेवत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात त्या घरच्या नव्या सुनेने मला खुराड्यातून काढून घासून धुतले आणि चहा ओतण्याआधी चुलीजवळ धरले. तिला कुणी शिकवले नव्हते. मित्रांनो, मला सूयुनचे हात आठवले.

म्हणून एवढेच मागणे आहे. कुणालाही कुचकामी म्हणून फोडायला उचलाल, तेव्हा आधी विचारा, आपण त्याला ऊब दिली होती का?