इंजिन निवेपर्यंत

काटा. पांढरा, नखाएवढा, टोकाशी किंचित वाकलेला. तो अगदी डावीकडे पडून असायला हवा होता, आणि तो मधोमध उभा होता.

पोतं ओलं करून टाकलं तर पत्रा किती वेळात निवतो?

"इंजिन थंड असू द्या हं. मी आल्यावरच सुरू करू." गाडी बघायला येणारी बाई, काल संध्याकाळी, फोनवर, पुण्याहून.

संकल्प न करता सोडलेलं पाणी म्हणजे नुसतं सांडलेलं पाणी. वडील, रामकुंडाच्या पायरीवर.

मांजर बॉनेटवर चढलंय.

दोन गोण्या आणि एक पत्र्याची पेटी, सुतळीने बांधून दाराशी ठेवलेली. विठावहिनीची खोली रिकामी होत आलेली.

निळा धूर. अर्धा मिनिट. फार तर चाळीस सेकंद.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. विश्वेश ड्रायव्हरच्या जागेवर बसला होता, किल्ली लावलेली, हात स्टिअरिंगवर, आणि इंजिन त्याने आत्ताच बंद केलं होतं. दहा मिनिटं चाललं असेल, रोज दहा मिनिटंच चालतं... रोज अंबडच्या या शेडचं शटर वर करायचं, भिंतीवरच्या गणपतीला हात जोडायचे, गाडीत बसायचं, चोक ओढायचा, किल्ली फिरवायची आणि इंजिनाचा आवाज ऐकत थर्मासमधला चहा प्यायचा. गाडी चालती झाल्यापासून चार वर्षं यात खंड नव्हता, भागीदार झुंबर वारला त्या दिवशीसुद्धा नाही. आणि आज, हे करायचं नाही असं रात्री झोपताना तीनदा स्वतःला बजावूनही, हाताने ते केलं होतं. हाताने. त्याने नाही. चहाचा शेवटचा घोट घेताना नजर इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर गेली आणि घोट तोंडातच राहिला.

जुन्या गाडीचं खरंखोटं पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तीस वर्षं तोच लोकांना सांगत आला होता — गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर मालकाने काहीतरी झाकलंय समजा आणि सरळ परत फिरा. आणि या गाडीत झाकण्यासारखं होतं. रात्रभर उभी राहिली की व्हॉल्व्हच्या सीलांमधून तेल पाझरायचं, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू केली की ते जळून मागून निळा धूर निघायचा, मग सगळं साफ. इंजिन वरून उघडलं तर चार दिवसांचं काम. झुंबर असता तर म्हणाला असता, चला उघडू. झुंबर नव्हता, आणि दोन वर्षं विश्वेश उद्या उघडू म्हणत होता.

सांगणार होतो मी. ती बाई आली की बॉनेट उघडायच्या आधीच सांगणार होतो — मॅडम, सकाळी जरा धूर काढते, कारण हे, उपाय हा. वाक्यंसुद्धा ठरवली होती... पण धूर दिसला असता तर सांगणं सोपं होतं. आता धूर दिसणारच नाही, म्हणजे आता सांगायचं ते मुद्दाम सांगावं लागणार.

तो खाली उतरला. मांजराला हाकललं. हौदात पोतं बुडवून पिळलं आणि बॉनेटवर पसरलं, आणि पसरताना हात थबकला. सवयीने किल्ली फिरली ही चूक. पण हे पोतं? हे तर तो अगदी जागेपणी करत होता.

पोत्याखालून पाणी ओघळत होतं, आणि पिकलेल्या जांभळासारख्या त्या रंगावर थेंब असे उभे राहत होते की एरवी त्याला पाहत बसावंसं वाटलं असतं. दोन दारांची, लांब नाकाची, दूरच्या प्रवासासाठी बांधलेली श्रीमंत गाडी; बनवणारी विलायती कंपनी केव्हाच बुडालेली. इगतपुरीच्या एका बंद बंगल्यातल्या गोठ्यात ती सापडली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. झुंबरने आणि त्याने ती अर्धी अर्धी विकत घेतली. इंजिन, वायरिंग, चामडं विश्वेशचं, पत्रा झुंबरचा. डाव्या दाराचा सडलेला पत्रा झुंबरने तीनदा नव्याने ठोकला. हातोडीने ठोकायचा, मग कान लावून बोटाने टिचकी मारायचा आणि म्हणायचा, "अजून बोबडं बोलतंय." अकरा वर्षं. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्याने विश्वेशचा हात धरून एवढंच विचारलं होतं, "गाडी जाईल ना?" आणि विश्वेश म्हणाला होता, "जाईल. वहिनींचा वाटा आधी."

"हे काय चालू शे, भाऊजी?"

विठावहिनी दारात उभ्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावरून शाल, हातात कागदांची पिशवी. गाडी दोघांच्या नावावर, म्हणून सही त्यांचीही लागणार. झुंबरची बायको. नाशकात तीस वर्षं काढूनही सटाण्याची बोली त्यांनी सोडली नव्हती, आणि आता त्या सटाण्यालाच परत निघाल्या होत्या. भावाने घरामागची जागा दिली होती. गाडीच्या अर्ध्या वाट्यात तिथे दोन खोल्या उठणार होत्या.

"गरम झाली. चुकून सुरू केली."

"चुकून?" वहिनी गाडीभोवती फिरल्या. "तुमच्या हातून पाना नाय पडत चुकून. आन् हे काय, तापकरी पोराच्या कपाळावर ठेवता तशी पट्टी? बाईनं विचारलं तर काय सांगशाल, गाडीला ताप हाय?"

"निघेल तोवर ताप."

"नाय निघाला तर बाई निघंल." त्या हसल्या, मग हसणं थांबलं. "मी खोली सोडून दिली, भाऊजी. एक तारखेला तिथं दुसरी माणसं येतात राह्याला."

"माहीत आहे वहिनी."

"माहीत हाय तर मग असं का वागता?"

उत्तर एकच होतं आणि ते हाताचं होतं. वडील यजमानाला पळीभर पाणी हातावर घ्यायला लावत आणि म्हणत, आधी बोला. कुठे बसलात, आज तिथी कोणती, तुम्ही कोण, हे कशासाठी करताय. हे न बोलता केलेलं कर्म माणसाच्या नावावर चढत नाही. विश्वेशने भिक्षुकी सोडून पाना धरला तेव्हा वडील वर्षभर बोलले नव्हते, पण त्यांचा हा नियम त्याला आज चांगलाच उपयोगी पडत होता. संकल्प नव्हता, म्हणून लबाडी नव्हती... असं तो पोतं पुन्हा भिजवताना जुळवत होता, आणि तेवढ्यात त्याची नजर गाडीच्या मागच्या बाजूला गेली. गाडीची पाठ शटरकडे होती. रोज तोंड शटरकडे असायचं. काल संध्याकाळी निघताना त्यानेच ती बाहेर काढून, वळवून, मागे मागे घेत आत लावली होती. का? पाठ शटरकडे असली की धूर बाहेर निघून जातो. आत वास राहत नाही. मी तेव्हा काय विचार करत होतो? क्लच जरा कडक वाटला, हे आठवतंय. उसाची गाडी आडवी आली, हे आठवतंय. का वळवली, ते नाही.

नऊला पाच मिनिटं असताना बाहेर गाडी थांबली. पोतं उचलून हौदामागे. फडक्याने पाणी पुसलं, घाईने, कडा राहिल्याच.

मृण्मयी नाव होतं बाईंचं. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, हातात टॉर्च आणि काखेत गुंडाळलेली सतरंजी — गाडीखाली झोपून बघण्यासाठी. वडिलांच्या पाच जुन्या गाड्या त्या स्वतः सांभाळत. त्यांनी नमस्कार केला, दोन पावलं मागे सरून पूर्ण गाडी एकदा डोळ्यांत घेतली. मग सरळ डाव्या दारापाशी गेल्या. बोट फिरवलं.

"हा पत्रा कोणी केला?"

"आमच्या मालकांनी," वहिनी म्हणाल्या.

"असा हात आता राहिला नाही हो कुणाचा. ते नाहीत का आज?"

"दोन वरीस झाले."

"अरेरे... खूप फिरवली असेल त्यांनी तुम्हाला हिच्यातून."

"नाय वो ताई. त्यास्नी गाडी चालवताच येत नव्हती."

बाई हसल्या, आणि त्याच वेळी मांजर आलं. कोपऱ्यातल्या टायरांवरून उडी मारून सरळ बॉनेटवर; दोनदा गोल फिरलं आणि अंग मुडपून, डोळे मिटून बसलं. सकाळच्या थंडीत सगळ्या शेडमध्ये त्याला तीच एक जागा सापडली होती. विश्वेशला वाटलं, आता बोलावं. आत्ता. बाई मांजराकडे बघत पुढे आल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोच हात शेजारच्या पत्र्यावर सपाट ठेवला.

"गरम आहे."

"हो."

"मी सांगितलं होतं."

"रोज सकाळी सुरू करतो. हात गेला."

"आणि हे पाणी?"

"ते मी पुसलं," वहिनी मध्येच म्हणाल्या. "धूळ व्हती."

खोटं बोलताना वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सटाण्यातल्या दोन खोल्यांसाठी त्या धुळीवर निभावून नेत होत्या, त्याची लबाडी स्वतःच्या अंगावर ओढून घेत होत्या, आणि हे त्याला सहन होईना. "मी ओलं पोतं टाकलं होतं," तो म्हणाला. "निवावी म्हणून." बोलून झाल्यावर छाती हलकी झाली, आणि लगेच लक्षात आलं की धुराचं वाक्य अजून बोलायचंच आहे, पोत्याचं खरं पुढे करून तो ते मागे ठेवत होता.

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता. पत्रा ठोकणाऱ्या माणसाने दाराकडे बघावं तसं, कुठे पोकळ आहे ते शोधत.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग मी थांबते."

"किती वेळ?"

"निवेपर्यंत. तीन वाजतील, चार वाजतील. मला परत जायची घाई नाही." आणि त्यांनी सतरंजी उलगडून गाडीशेजारी अंथरली.

वहिनींनी हात पुढे केला. "किल्ली द्या इकडं. म्हणजे परत कोणाचा हात जायला नको." किल्ली त्यांनी कमरेला खोचली आणि वर लुगड्याचा पदर घट्ट आवळला.

अकरा वाजले. बारा. वहिनींनी डबा उघडला, बाईंना भाकरी दिली, ठेचा जपून खा म्हणाल्या. बाईंनी जपून खाल्ला नाही आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दोघी हसल्या. विश्वेश स्टुलावर बसून इंजिन ऐकत होता. तापलेलं लोखंड आकसताना टक्... टक्... असं बोलतं, आधी दर मिनिटाला, मग बराच वेळ गेल्यावर एकदा, मग नाही. मांजर केव्हाच उठून उन्हात गेलं होतं. रात्रभरात जेवढं तेल पाझरतं तेवढं सात-आठ तासांत पाझरतं का? नसेल पाझरत तर धूर येणार नाही, बाई गाडी घेतील, सही होईल, वहिनी पेटी घेऊन स्टँडवर जातील, आणि उद्या सकाळी या चौकोनात फरशीवरचे तेलाचे डाग उरतील. पाझरलं तर...

त्याने डोळे मिटले. ओंजळीत पाणी आहे असं समजून मनातल्या मनात सुरुवात केली — गोदावरीच्या दक्षिण तीरावर, आज, मी विश्वेश, ही गाडी... इथवर शब्द आपोआप आले. पुढचा येईना. दोन शब्द होते, देतो आणि ठेवतो, आणि दोन्ही सारख्याच वजनाने जिभेवर येऊन थांबले होते. पलीकडे वहिनी बाईंना सांगत होत्या, भावाच्या घरामागं आंब्याचं झाड शे, त्याच्या सावलीत ओटा बांधणार. त्यांचा एक हात बोलताना कमरेवरच होता. आणि विश्वेश कान लावून बसला होता, आत कुठे काही पाझरतंय का, थेंब थेंब खाली उतरतंय का ते ऐकत. आणि त्याला कळलं की तो घाबरून ऐकत नाहीये. तो वाट बघतोय. धूर यावा. दाट यावा, सगळं शेड भरून यावा. त्याने डोळे उघडले. वहिनी त्याच्याकडेच बघत होत्या, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांची नजर चुकवावीशी वाटली.

"चार वाजले," बाई म्हणाल्या, आणि उठून बॉनेटवर हात ठेवला.

मागच्या दिवाळीनंतर बडोद्याचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. त्यांनीही इंजिन थंड ठेवायला सांगितलं होतं, आणि तेव्हाही इंजिन गरम होतं; ते हात लावून तसेच परत फिरले होते.